रीळ बदलेपर्यंत

"मुश्ताकभाऊ, हे काऊन लावलं गा? खुर्च्यायवर बसून बोलूनच राह्यले सारे. ना गाणं, ना मारामारी." पुढच्या रांगेतून मंगरू केबिनकडे पाहत ओरडला.

अहेरीच्या बाजाराचा दिवस, दुपारचा खेळ. नागपूरहून रिळांची पेटीच चुकीची आली होती. आत निघाला दोन देशांच्या राजदूतांचा सिनेमा, सगळा इंग्रजीत. मालक गुणवंतरावांनी सकाळीच सांगितलं होतं, आज लोक उठून गेले तर उद्यापासून टॉकीज बंद, आत धानाची पोती ठेवणार.

मशीन एकच, त्यामुळे दर रिळानंतर खेळ थांबवून मुश्ताकला पुढचं रीळ चढवावं लागे. पहिलं रीळ संपलं, दिवे लागले आणि लोक उठू लागले. मुश्ताकने केबिनमधून हाक मारली. "दादाजी, चार मिनिटं सांभाळा."

दादाजी दारावर तिकिटं फाडत. आणि तीस वर्षं कीर्तनात बुवांच्या मागे टाळ धरत. बुवा दम घेतात तेवढा वेळ धृपद, म्हणजे अभंगाची पालुपदाची ओळ, धरून ठेवायचं, लोकांना उठू द्यायचं नाही, एवढंच त्यांचं काम. स्वतःचं वाक्य असं ते कधी बोललेच नव्हते.

ते पडद्यापुढे गेले. हात जोडले.

"बसा मायबाप हो. तो उंच मानूस वळखला काय? शिष्टाईले आलेला कृष्ण होय तो. लढाई नको, पाच गावं द्या, म्हणून राह्यला. अन् त्याच्या थैलीतला कागद बदलला, तो चष्मेवाला शकुनी."

"तुमाले इंग्रजी येते, दादाजी?" मंगरूने टोमणा मारला.

"नाई बापू. पन लबाडाची नजर वळखाले येते."

हशा पिकला. लोक बसले.

मग प्रत्येक रिळानंतर दादाजी उभे. बाजारातली माणसंही आत शिरू लागली. शेवटच्या रिळाआधी मात्र ते अडले. कृष्णाची शिष्टाई तर फसली होती. इथेही युद्धच झालं तर लोकांना काय सांगायचं?

"पाहा आता," एवढंच म्हणून ते बाजूला झाले.

पडद्यावर चष्मेवाला पकडला गेला. लांबलचक टेबलाशी दोन्ही देशांनी सह्या केल्या.  मग मागून एक म्हातारी म्हणाली, "मानला वो माय, दुर्योधन मानला."

टाळ्यांच्या ठेक्यावर विठ्ठल विठ्ठल सुरू झालं. गुणवंतराव दारातच उभे होते. "पोत्यायसाठी दुसरी जागा पाहावं लागंल," ते मुश्ताकला म्हणाले.

संध्याकाळी देवळात दादाजी नेहमीच्या जागी, बुवांच्या मागे. बुवा दम घ्यायला थांबले, आणि दुपारची गोष्ट कानावर आल्यामुळे आज दादाजींना पुढे जागा देत अर्धं पाऊल बाजूला सरकले. दादाजी पुढे आले नाहीत. त्यांनी मान खाली घालून टाळ एकदाच वाजवला. सगळ्या देवळाने धृपद उचललं.