शहाण्णव वजा चार

मी लाकडाची मीटरपट्टी. आपली कहाणी शून्यापासून सांगावी म्हणतात, पण माझ्या अंगावर शून्यच नाही. मी चारपासून सुरू होते आणि शंभरावर संपते. हसू नका, माझं निम्मं आयुष्य या चारातच गेलं आहे.

जन्मले तेव्हा मी पुरी होते. पिवळा रंग, काळ्या रेघा, टोकांना पितळेची पत्री, मोठा तोरा होता माझा. रायपूरच्या एका शाळेनं मला आणलं आणि गणिताच्या विनोदिनीबाईंच्या हाती दिलं. बाई माहेरच्या नागपूरच्या. यजमान रेल्वेत, म्हणून इकडे आल्या आणि इथल्याच झाल्या. शाळा हिंदी, तेव्हा शिकवणंही हिंदीत. राग आला की मात्र बाईंची मराठी बाहेर पडायची, आणि ती पोरांना न शिकवता समजायची.

एके दिवशी भैय्यालाल शिपायानं घाईघाईत लोखंडी कपाटाचं दार लावलं आणि माझं एक टोक आत राहून गेलं. काडकन मोडलं. बिचारा किती दिवस बाईंसमोर यायचं टाळत होता. बाईंनी मला सुताराकडे नेलं आणि सांगितलं, "चारच्या रेघेवर सरळ काप." मला वाटलं, संपलं सगळं, आता खिडकीला टेकू द्यायला ठेवतील.

पण दुसऱ्या दिवशी बाईंनी मला घेऊन वर्ग गाठला. पहिल्या बाकावरच्या मुलीला वही मोजायला लावली. तिनं मला वहीला लावून सांगितलं, "पच्चीस." बाई म्हणाल्या, "और ये शुरू कहाँ से होती है?" मुलीनं माझं टोक पाहिलं, जीभ चावली आणि म्हणाली, "इक्कीस." बस, त्या दिवसापासून माझी नोकरी पक्की झाली. लांबी म्हणजे शेवटी दिसणारा आकडा नव्हे, दोन टोकांमधला फरक, हे बाईंना कधी तोंडानं शिकवावंच लागलं नाही. मग बाईंनी तेच सगळीकडे लावलं. विजेच्या मीटरचं रीडिंग तसंच, स्कूटरचे किलोमीटर तसेच, माणसाचं वयही तसंच. आधीचं किती होतं ते विचारा, मग बोला.

बाईंचा एक नियम मात्र कडक होता. मोजणाऱ्यानं जे दिसेल तेच मोठ्यानं सांगायचं. चार वजा करायचे ते फळ्यावर, सगळ्यांना दिसतील असे. हा नियम पाळायचा नाही तो एकटा पराग, बाईंचा स्वतःचा मुलगा. हुशार होता, पण त्याला धीर नव्हता. मोजता मोजता मनातच वजा करून उत्तर फेकायचा. उत्तर बरोबर असायचं आणि तरी बोलणी खायचा. "पायरी कुठी गेली? मनातलं मले दिसते काय?" बाई मराठीतच विचारायच्या. तो मान खाली घालायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच.

पुढं राज्य नवं झालं. शाळेच्या पाटीवरचं मध्य प्रदेश पुसून छत्तीसगढ लिहिलं गेलं. शाळेत स्टीलच्या पट्ट्या आल्या, पण बाईंच्या वर्गात मीच. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं आणि मुख्याध्यापकांनी विचारलं, आणखी काय देऊ? बाईंनी मला मागून घेतलं. खरं सांगते, त्या दिवशी मला माझ्या तुटक्या टोकाचा अभिमान वाटला.

ब्राह्मणपाऱ्यात बाईंचं भाड्याचं घर होतं; इकडे मोहल्ल्याला पारा म्हणतात. यजमान गेल्यावर बाईंनी पुढच्या खोलीत फळा टांगला आणि शिकवणी सुरू केली. पाऱ्यातली पोरं संध्याकाळी चटईवर दाटीवाटीनं बसायची. मी फळ्याशेजारी खिळ्याला. बाईंचं सगळं जगणं त्या फळ्यापुढं होतं, हे मी रोज पाहत होते.

मग घरमालकानं घर पाडून नवं बांधायचं काढलं. पराग आता मंत्रालयात नोकरीला. त्याला नवा रायपूरला, शहराबाहेर वसवलेल्या नव्या राजधानीत, सरकारी क्वार्टर मिळालं होतं. तो आणि त्याची बायको पूर्णिमा दोघंही बाईंना न्यायला आले.

"येते," बाई म्हणाल्या, "पण फळा घेऊन. फळ्याबिना मी तिथं काय करू? रुंद रुंद रस्ते पाहत बसू काय?"

परागनं सांगितलं की हॉलमध्ये एकच भिंत मोकळी आहे, बाल्कनीच्या दाराजवळची, आणि तीही अरुंद. फळा उभा टांगला तर त्याला नव्वद सेंटीमीटर लागत होते. बाईंनी मला खिळ्यावरून काढलं. पराग म्हणाला, "आई, टेप आहे माझ्याजवळ."

"टेप लोंबते. हिलेच घेऊन जा. बसला तर येते, नाही बसला तर फळ्यासकट नरहरकडे जाते नागपुरले. भाऊ आहे माझा, त्याच्याकडे खोली रिकामी आहे."

तर मी स्कूटरवरून नवा रायपूर पाहिलं. मोकळ्या क्वार्टरमध्ये परागनं मला भिंतीला आडवं लावलं. दुसरं टोक पूर्णिमानं धरलं होतं. "शहाण्णव," तो पुटपुटला, "म्हणजे ब्याण्णव." मग फोन लावून म्हणाला, "ब्याण्णव, आई." तिकडून बाई म्हणाल्या, "बरं." फोन बंद झाला. पराग खुशीत होता. दोन सेंटीमीटर उरत होते, आई येणार होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना त्यानं मला दारातूनच बाईंच्या हाती दिलं. बाईंनी मला खिळ्याला अडकवलं आणि माझी नजर फळ्यावर गेली. कोपऱ्यात बाईंच्या ठसठशीत अक्षरात लिहिलेलं होतं: ९२ − ४ = ८८. त्याखाली ९०, आणि त्याभोवती गोल.

माझा तर जीवच घाबरा झाला. अहो, ते चार आधीच गेले होते! एवढा मोठा झालेला मुलगा आता तरी दिसलं तेच सांगत असेल असं धरून बाईंनी नियमानं वजा केले होते, परागनं नियम मोडून. दोघंही आपापल्या जागी बरोबर, आणि उत्तर चुकलेलं. मला तोंड असतं तर मी पारा जागा केला असता.

त्या संध्याकाळी बाईंनी शिकवणी घेतली नाही. परागला फोन केला आणि एवढंच म्हणाल्या, "मी नरहरकडे जायचं ठरवलं. तुम्ही सुखानं राहा." तिकडून "तुझी मर्जी" इतकंच ऐकू आलं. त्याला माहीत होतं की फळा बसतो. म्हणजे आईला आपल्याकडे यायचंच नाही, असा अर्थ त्यानं काढला. बाईंना वाटत होतं की त्यालाही अठ्ठ्याऐंशी ठाऊक आहेत, तरी एका शब्दानं म्हणाला नाही, की आई, फळ्याचं पाहू काहीतरी, तू ये. मायलेक दोघं एकसारखे मानी. कोणी विचारेना आणि कोणी सांगेना. बाई डबे भरत राहिल्या आणि मधूनच उगाच फळ्याकडे पाहत राहिल्या. मला फार वाईट वाटायचं.

सामान बांधायला पूर्णिमा एकटीच आली. पराग आला नाही. ती जवळच्याच अभनपूरची, बाईंच्या वर्गात कधी बसलेली नाही, गणिताचं नाव काढलं की दूर पळते. ती फळा उतरवायला स्टुलावर चढली आणि ओल्या फडक्यानं तो कोपरा पुसणार, तेवढ्यात थांबली.

"आई, हे ब्याण्णवमधून चार काहून काढले?"

"पट्टी चारपासून सुरू होते ना बाई. तुले नाही माहीत."

"मले माहीत आहे. मीच तं दुसरं टोक धरलं होतं. शहाण्णव होते. यायनं चार तिथंच वजा केले आन् मंग फोन लावला."

बाई डबा हातात घेऊन उभ्याच राहिल्या. मग डबा खाली ठेवून म्हणाल्या, "फोन लाव त्याले. म्हणाव, फळ्यापाशी बोलावलं."

पराग ऑफिसच्या कपड्यातच आला. बाईंनी त्याच्या हाती खडू दिला. "भिंत मोजली ना तू? लिही."

तो फळ्याकडे पाहत राहिला. तिथलं अठ्ठ्याऐंशी त्यानं वाचलं आणि त्याचा चेहरा उतरला. मग कानापाशी पांढरे झालेले केस घेऊन माझा तो जुना विद्यार्थी पाय जुळवून उभा राहिला आणि त्यानं लिहिलं: ९६ − ४ = ९२.

"पायरी खाल्ली तू," बाई म्हणाल्या.

"हो." मग तो म्हणाला, "मले वाटलं तुले माझ्याकडे यायचंच नाही."

"आन् मले वाटलं तुझ्या घरात मले जागा नाही." बाई म्हणाल्या. "चार सेंटीमीटरपायी मी नागपुरले चालली होती रे पोट्ट्या."

परागनं खडू खाली ठेवला आणि आईच्या पायाशी बसून घेतलं. पूर्णिमानं ओलं फडकं घेऊन अठ्ठ्याऐंशीची ओळ पुसून टाकली.

आता मी नवा रायपूरच्या त्या भिंतीवर असते. फळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक सेंटीमीटर मोकळा आहे. आजूबाजूच्या क्वार्टरमधली पोरं येतात. ब्राह्मणपाऱ्याइतकी दाटी नाही, पण बाईंचा आवाज तितकाच खणखणीत आहे. माझा रंग उडालाय, साठच्या पुढच्या रेघा पुसट झाल्यात. फार वर्षं मोजणं होणार नाही माझ्यानं. जायच्या आधी तुम्हाला एवढंच सांगते, घरात कोणाचं मन मोजायला बसाल तेव्हा नुसतं उत्तर ऐकून उठू नका. तुम्ही काय धरलं आणि त्यानं काय धरलं, तेवढं एकदा मोठ्यानं बोलून घ्या.

परवाच एका नव्या मुलीनं मला हातात घेऊन विचारलं, "मैडम, इसका चार कहाँ गया?" बाई स्वयंपाकघरात होत्या. सोफ्यावर बूट काढत बसलेल्या परागनंच उत्तर दिलं.

"घटाना पड़ता है, बेटा," तो म्हणाला. "और बोर्ड पे लिख के."