पोहायला शिकवणाऱ्या बाईंचा मुखवटा

मित्रांनो, मी एक जुना मुखवटा आहे. नाटकातला नव्हे, इस्पितळातला. जन्मलो तेव्हा मी पांढऱ्या प्लॅस्टिकचा सपाट, भोकाभोकांचा तुकडा होतो. मला गरम पाण्यात मऊ करून एका बाईंच्या चेहऱ्यावर ताणून बसवलं. त्यांचं नाक, हनुवटी, कपाळ माझ्यात उतरलं आणि मी कडक झालो. मेंदूला किरणं देताना डोकं तसूभरही हलू नये, म्हणून मला टेबलाला अडकवत.

बाई मुलांना पोहायला शिकवायच्या. एका सकाळी तलावाच्या काठावरच त्यांना फिटचा झटका आला. तपासणीत कळलं, की फुफ्फुसात कर्करोग आहे आणि तो मेंदूपर्यंत पोचला आहे.

पहिल्या दिवशी त्यांचा श्वास माझ्या भोकांतून जोरजोरात येऊ लागला. किरणं देणाऱ्या ताईंनी विचारलं, "काढू का?"

"नको. तोंड पाण्यात गेलं तरी घाबरायचं नाही, असं पोरांना सांगते मी. आता माझी पाळी."

किरणांच्या शेवटच्या दिवशी बाई मला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. शेजारी त्यांचा थोरला भाऊ होता. डॉक्टर आल्या नि म्हणाल्या, "गाठीच्या पेशींत एका जनुकात बदल सापडलाय. तो जन्मापासूनचा नाही, तुमच्या चुकीनंही झालेला नाही. सिगारेट न ओढणाऱ्यांतच तो जास्त दिसतो. त्यावर गोळी आहे आणि ती मेंदूपर्यंत पोचते."

"बरी होईन?"

"पूर्ण बरं होणं कठीण आहे. पण चांगले दिवस मिळू शकतील. किती, ते मला सांगता येणार नाही."

"मिळतील तेवढे घेते," बाई म्हणाल्या.

डॉक्टर गेल्यावर भाऊ पुटपुटला, "आयुष्यभर ओढली मी, आणि भोगतेस तू."

"दादा, ऐकलंस ना काय म्हणाल्या त्या? उगाच सगळं श्रेय घेऊ नकोस."

गोळी लागू पडली. बाई पुन्हा तलावावर जाऊ लागल्या. मी त्यांच्या घरी कपाटावर पडून होतो. माझ्यावर धूळ साचत होती आणि मित्रांनो, मला त्याचाच आनंद होता.

दोन उन्हाळे असे गेले. मग पेशी पुन्हा बदलल्या, गोळीला जुमानेनाशा झाल्या. बाई मुलांची नावं विसरू लागल्या. दादांनी मला खाली काढलं, इस्पितळात नेलं. पण औषधांनी बाईंचा चेहरा सुजला होता. मी त्यांच्याच चेहऱ्याचा, आणि त्यांनाच बसेना. नवा मुखवटा करावा लागला. त्यालाही फार दिवस काम उरलं नाही.

बाई गेल्यावर समाचाराला आलेल्या एका शेजाऱ्यानं हळूच विचारलं, "ओढायच्या का हो?"

"नाही," दादा म्हणाले. "पोहायला शिकवायच्या."

मित्रांनो, कुणी आजारी पडलं तर त्याचं काय चुकलं, हे शोधत बसू नका. चूक असो वा नसो, दुखणं तेवढंच दुखतं. त्याच्याजवळ बसा, त्याच्या आवडीचं बोला.

दादा मला अधूनमधून ओल्या फडक्यानं पुसतात. कपाळ भराभर पुसून होतं. नाकाशी आले, की त्यांचा हात हळू होतो.