पुढचे मागे, मागचे पुढे

मी एक टायर बोलतोय. रिमसकट आहे, फक्त गाडी नाही. चंदीगडशेजारी पंचकुल्यात तिसऱ्या मजल्यावरच्या बाल्कनीत आडवा पडलोय आणि माझ्या अंगावर तुळशीची कुंडी आहे. पुण्य लागत असेल, पण धावण्याची सर त्याला नाही.

आम्ही चौघे भाऊ एकाच मापाचे, सतरा इंची. दोन दारांच्या एका लाल स्पोर्ट्स कारला बसलो. ती जुनी गाडी हेरंबने हौसेने घेतली. हेरंब मोहालीत आयटीत. त्याचे वडील कृष्णकांत बदलीच्या नोकरीत चंदीगडला आले आणि निवृत्तीनंतर मुलाकडेच राहिले. बापलेकांत बोलणं बेताचंच. बाबांनी काही विचारावं, लेकाने 'हां, पक्का' म्हणून मोबाइलमध्ये डोकं घालावं.

खंडेनवमीला मात्र दोघे बोलायचे. गाडीची पूजा करण्याआधी बाबा जॅक आणि पाना घेऊन पाटावर बसायचे. पुढचे टायर मागे, मागचे पुढे. याला ते टायर फिरवणं म्हणायचे. "मागचे लवकर झिजतात. झीज चौघांनी वाटून घ्यावी," हे दर वर्षी ऐकवायचे. नट सोडवता सोडवता हेरंब ऑफिसातलं, मनातलं, सगळं सांगून टाकायचा. झेंडूची माळ नंतर. आमचा खरा सण तोच.

मग एका पंजाबी दुकानदाराने हेरंबला 'भाजी', म्हणजे भाऊ, म्हणत त्याचे कान भरले. "भाजी, पीछे चौड़े पा लो, गड्डी शेर लगेगी." मागे अठरा इंची, रुंद टायर आले. खोटं कशाला बोलू, गाडी देखणी दिसू लागली, वळणावर पकडही वाढली. मागचे आम्ही दोघे उतरलो. माझ्या जोडीदाराला हेरंबच्या एका मित्राने टीपॉय करायला नेलं. मी इथे आलो.

त्या खंडेनवमीलाही बाबा पाटावर येऊन बसले.

"बाबा, आता पुढचे मागे बसत नाहीत," हेरंब म्हणाला. "मापं वेगळी आहेत."

बाबांनी नव्या टायरवरून हात फिरवला. छान आहेत म्हणाले आणि पाना पुसून पिशवीत ठेवला. दिवाळीनंतर ते कराडला परतले. इथली थंडी सोसत नाही, असं कारण सांगितलं. थंडी काय त्याच वर्षी पडली होती?

यंदा हेरंबला जुने टायर पुन्हा बसवायचे होते. मित्राकडे चौकशी केली, तर रिमला भोकं पाडून वर काच बसवलेली. खंडेनवमीच्या सकाळी तो माझ्याजवळ येऊन बसला. तेवढ्यात कराडहून फोन आला.

"टायर फिरवलेस का रे?"

हेरंबने माझ्यावर हात ठेवला. "हो बाबा. आत्ताच."

"नट घट्ट केलेस?"

"केले."

"बरं केलंस."

बाबा विसरणाऱ्यातले नाहीत. त्यांना मापं चांगली आठवत होती, हे मलाही कळलं आणि हेरंबलाही. फोन मात्र दोघांपैकी कोणी ठेवेना.

मला वाचा असती तर ओरडलो असतो. अरे हेरंब, मला गाडीला लावू नकोस, मी एकटा काय कामाचा? पण 'बाबा, या' एवढं तरी म्हण. त्यांचा पाट अजून दाराआडच आहे.