खांद्यावरची लाकडं

अंबिकेने पाद्रीसाहेबांना बजावून सांगितलं होतं की ते पाणी कुणी पिणार नाही. तरी चर्चच्या मंडळींनी हौसेने दहा घागरी पाणी उकळलं आणि काशीच्या पंचगंगा घाटावरच्या मराठी ब्राह्मणांच्या गल्लीत पाठवून दिलं. गल्लीत पटकीने आठ दिवसांत अकरा माणसं नेली होती. पण म्हणून ख्रिस्त्यांच्या हातचं पाणी? गल्लीने घागरी मोरीत ओतल्या आणि वर मोरीही धुऊन काढली.

"मग त्यांना चालेल असं काय?" साहेबांनी विचारलं. माणूस भला, पण हे आधी विचारायला काय झालं होतं?

"सुकं लाकूड," अंबिका म्हणाली. "त्याला विटाळ नसतो. साथीत सगळं सरपण चितांना गेलंय, गल्लीत चुलीपुरतंही मिळत नाही. लाकूड आपलं, चूल त्यांची. पण गंगेचं पाणी उकळा असं सांगणार कोण? ढुंढिराजशास्त्री म्हणाले, तरच ऐकतील."

"मग त्यांनाच भेटा. तुम्ही त्याच गल्लीतल्या ना?"

त्याच गल्लीतली! सात वर्षांपूर्वी तिचा नवरा काशीनाथ मिशनमध्ये मराठी शिकवायला जाऊ लागला, म्हणून याच शास्त्र्याने त्यांना वाळीत टाकलं. वर्षाच्या आत काशीनाथ गेला. अंबिका चार खांदे मागत दारोदार फिरली. शास्त्री आणि त्याच्या तीन शेजाऱ्यांनी तिच्या तोंडावर दारं लावली. शेवटी मल्लाहांनी काशीनाथला नावेतून मणिकर्णिकेला नेलं. पुढच्याच महिन्यात तिने बाप्तिस्मा घेतला, तो शास्त्र्याच्या नाकावर टिच्चून. हे तिने साहेबांपासूनही लपवलं नव्हतं. आता ती मिशनच्या दवाखान्यात काम करत होती.

सोमवारी ती शास्त्र्याच्या अंगणात उभी राहिली. सत्तरीच्या म्हाताऱ्याने सगळं ऐकून घेतलं. अकरा प्रेतं त्यानेही पाहिली होती.

"लाकूड पाठव," तो म्हणाला. "लोकांना मी सांगतो."

"पाठवणार नाही. न्यायला यायचं. तुम्ही आणि दारं लावणारे ते तिघं. अनवाणी, खांद्यावर घेऊन, भर दिवसा शहरातून. तोवर एक ढलपी मिळायची नाही."

"हे साहेबाचं म्हणणं?"

"माझं."

मंगळवारी कुणी आलं नाही, बुधवारीही नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा तिने "विचार करताहेत" म्हणून बेधडक ठोकून दिलं, आणि पुन्हा फाटकाशी जाऊन रस्त्याकडे डोळे लावून बसली. त्याला नाक घासत आलेलं बघायचंच, असं तिने ठरवलं होतं.

गुरुवारी सकाळी चौघं आले. शास्त्र्याने आंब्याचा ओंडका खांद्यावर घेतला. अंबिका पुढे चालली, आणि मुद्दाम चौकातल्या गर्दीतून चालली. दुकानदार उठून उभे राहिले. म्हाताऱ्याचा खांदा सोलवटला, पण तिने पाऊल हळू केलं नाही. सात वर्षांत तिला इतकं बरं वाटलं नव्हतं.

गल्लीत शास्त्र्याने स्वतः चूल पेटवून गंगेच्या पाण्याचा हंडा चढवला. मग कुणी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून चर्चची बैलगाडी लाकडं आणू लागली. गल्लीतले पुरुष ती फोडत, बायका पाणी उकळत, आणि मिशनचा डॉक्टर कोपऱ्यावर बसू लागला. पंधरा दिवसांत साथ ओसरली. साहेब खूश होते, आता मोऱ्याही मिळून साफ करायच्या म्हणत होते.

अंबिका पुन्हा शास्त्र्याकडे गेली ती खरं तर त्याचा खांदा बघायला. पायरीवर त्याची सून प्रमोदिनी बसली होती.

"काकू, माझी बकुळ गेली," ती म्हणाली. "लकडी आली त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी, उलट्या लागल्या, शुक्रवारी संपलं. तुम्ही सोमवारी आला होतात ना? मंगळवारी लकडी आली असती तर तिच्या पोटात कच्चं पानी गेलंच नसतं. मामंजी तीन दिवस नुसते बसून राहिले. का, ते सांगत नाहीत. 'माझा हट्ट' एवढंच म्हणतात. मरताना त्यांच्या तोंडात पानी घालणार नाही मी. शपथ घेतलीय."

आत हंड्याला उकळी आली म्हणून ती उठून गेली. शास्त्री दाराशी आला.

"तिला काही सांगू नकोस," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तुझी अट मी कुणाला बोललो नाही, त्या तिघांनाही नुसतं 'चला' म्हणालो. गल्लीला कळलं तर तुमच्या लाकडाला कुणी हात लावणार नाही, आणि पोरं पुन्हा कच्चं पाणी पितील. आणि हट्ट माझाही होताच. सोमवारीच उठलो असतो तर..."

याच्या घराने याच्यावर थुंकावं, हेच तर तिने सात वर्षं मागितलं होतं.

"मला शिव्या तरी द्या," ती म्हणाली.

"उद्या गाडी लवकर पाठव," म्हणून तो मागे वळला.

प्रमोदिनी पदराला हात पुसत बाहेर आली. "तुम्हीच सांगा काकू. ज्याच्यामुळे माझी पोर गेली, त्याला क्षमा करायची?"

"नाही," अंबिका म्हणाली. "कधीच करू नकोस."