निळ्या बसमधला संशय

मित्रांनो, मी एक जुनी बस आहे. माझी चाकं कधीच निघाली आणि आता मी विटांच्या ठोकळ्यांवर उभी आहे. रंग मात्र अजून ओळखू येतो, निळा. लांबून बघणाऱ्याला वाटेल, या भंगाराकडे सांगण्यासारखं काय असणार? पण बसमध्ये बसलेली माणसं जे बोलतात आणि जे बोलायचं टाळतात, ते दोन्ही मी ऐकलेलं आहे.

माझा सांगाडा एका कारखान्यात उभा राहिला. पत्रे ठोकले गेले, खिडक्या बसल्या आणि मी कागद गिरणीच्या कामगारांची ने-आण करू लागले. ओल्या लगद्याचा वास माझ्या सीटांमध्ये असा मुरला की पुढे कितीही धुतलं तरी गेला नाही. काही वर्षांनी गिरणीने मला आपल्या फुटबॉल क्लबाला देऊन टाकलं. दिवसभर यंत्रांशी झुंजून संध्याकाळी मैदानात उतरणारी ती पोरं! त्यांच्याकडून कुणाचीच काही अपेक्षा नव्हती. पण एका वर्षी ती देशाच्या लीगमध्ये चक्क पहिली आली. मग मला नवा रंग मिळाला. येणारेजाणारे माझ्या पत्र्यावर कौतुकाने थाप मारू लागले.

लीग जिंकली म्हणून आमच्या क्लबाला विजेत्यांच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. या स्पर्धेत प्रत्येक देशातून एकच क्लब येतो, त्या वर्षीच्या लीगमध्ये पहिला आलेला. आमची गाठ पडली शेजारच्या देशाच्या विजेत्याशी. एक सामना आमच्या मैदानावर आणि एक त्यांच्या. दोन्हींचे मिळून ज्याचे गोल जास्त, तो पुढे जाणार.

आमचे प्रशिक्षक गिरणीतले जुने फोरमन होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. ड्रायव्हरकाकांच्या मागची खिडकीची जागा त्यांची. तिथे दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपत नसे. डावा बचावपटू उंच आणि शांत होता, त्याचं नाव पडलं होतं खांब. त्याची थोरली बहीण लग्न होऊन शेजारच्या देशात गेली होती. तिचा नवरा नेमका समोरच्या संघात खेळाडूंना मालिश करायच्या कामावर होता. कोण कुणाशी खेळणार ते जाहीर झालं तेव्हा सगळे यावर खळखळून हसले होते.

पहिल्या सामन्याच्या दिवशी कडाक्याची थंडी होती, वर रिपरिप पाऊस. कपडे बदलायच्या खोल्यांची दारं उघडायला उशीर झाला, म्हणून पोरं माझ्यातच बसून राहिली. सगळ्यांच्या श्वासाने काचा धुरकट झाल्या. मास्तरांनी बोटाने काचेवर गोल आणि बाण काढून सांगितलं, "उजवीकडून नुसती हूल द्यायची. खरा हल्ला डावीकडून. खांब, तू बचाव सोडून थेट वर जायचंस." मग त्यांनी बाहीने काच पुसली.

तेवढ्यात पाहुण्यांची बस माझ्या शेजारी, अगदी खेटून, येऊन थांबली. बाहीने पुसलेली काच पुन्हा धुरकटली आणि मास्तरांचे बाण हळूहळू जसेच्या तसे वर आले. पलीकडच्या प्रशिक्षकाने आपली खिडकी पुसली, मान पुढे काढली आणि डोळे बारीक करून बघत राहिला. त्याला ते उलटं दिसत असणार, पण मुरलेल्या फुटबॉलवाल्याला उलटं वाचायला कितीसा वेळ लागतो? मी सगळं बघत होते. माझ्याकडे होता एक भोंगा, आणि तोही काकांनी दाबला तरच वाजणारा.

सामना आम्ही दोन गोलांनी हरलो. खांब वर गेला की त्याने सोडलेल्या जागी त्यांचे दोघे आधीच हजर असायचे.

"आपला बेत त्यांना माहीत होता," परतताना मास्तर म्हणाले. "कुणीतरी फोडला."

त्या वाक्यानंतर माझ्या पोटातली हवाच बदलली. रोज गाणी म्हणणारी पोरं गप्प झाली. पाण्याची बाटली हातोहात फिरायची, ती थांबली. मांजर म्हणून ओळखला जाणारा गोलरक्षक तर कुणी जवळ आलं की बुटांची पिशवीसुद्धा मांडीवर घ्यायचा. जणू तिच्यातून गुपित सांडणार होतं! कपडे धुणाऱ्या मावशींनी सहज विचारलं, "पुढचा सामना कधी रे?" तर दोघांनी एकमेकांकडे बघितलं. काकांवरही नजर गेली. ते बिचारे आरशातून रस्ता बघायचे आणि पोरांना वाटायचं, हे आपल्यालाच न्याहाळतायत.

एका संध्याकाळी सराव संपल्यावर खांब माझ्या मागच्या बाजूला उभा राहून हळू आवाजात फोनवर बोलत होता. मास्तर पुढच्या दाराने चढत होते. त्यांच्या कानावर एवढंच पडलं, "डावीकडून. अगं हो, डावीकडूनच. कुणाला सांगू नकोस."

मी दोन्ही बाजू ऐकल्या होत्या. पलीकडे त्याची ताई होती. ती विचारत होती, "पुढच्या सामन्याला मी बसू कुठे रे? नवऱ्याच्या लोकांत बसले तर तू रागावणार, तुमच्या लोकांत बसले तर सासूबाई." तो हसून सांगत होता की डावीकडच्या दाराने ये, तिथे दोन्हीकडची माणसं मिसळून बसतात, आणि सासूबाईंना काही सांगू नकोस.

मास्तर तरातरा मागे आले. पोरं खिडक्यांतून बघू लागली. "कुणाशी बोलत होतास?"

"ताईशी."

"वाटलंच! मेहुण्याकडे निरोप पोचवायला घरचीच माणसं बरी पडतात, नाही का?"

"मास्तर, तिने फक्त..."

"एक शब्द नको. खाल्ल्या घरचे वासे मोजणारा माणूस मला संघात नको. दुसऱ्या सामन्याला तू यायचंस, पण खेळायचं नाहीस. तुला घरी ठेवलं तर पुन्हा फोन करशील. डोळ्यासमोर असलेला बरा."

खांबाने फोन खिशात टाकला. त्या दिवसापासून तो शेवटच्या सीटवर एकटा बसू लागला. त्याच्या पुढची रांगही आपोआप रिकामी राहू लागली.

दुसऱ्या सामन्याला आम्ही सरहद्दीपलीकडे निघालो. नाक्यावर गाड्यांची रांग होती. पुन्हा तसाच गारठा, पुन्हा धुरकट काचा. मास्तरांनी पुढच्या दोघातिघांना जवळ घेऊन काचेवर नवा बेत काढला, कुजबुजत समजावला आणि बाहीने पुसून टाकला. मग रांग का अडली ते बघायला खाली उतरले. परत येताना सवयीने त्यांनी आपल्या खिडकीकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी थांबले.

काचेवर त्यांचा बेत उभा होता. सगळे गोल, सगळे बाण.

ते जवळ आले. बाहेरून हात फिरवला, रेघा हलल्या नाहीत. आतून पोरांचे श्वास लागतच होते आणि रेघा अधिकच ठळक होत होत्या. पावसात त्यांची टोपी भिजली तरी ते हलेनात.

"मास्तर, चढताय ना? रांग सरकली," काकांनी हाक दिली.

मास्तर चढले ते आपल्या जागेवर न बसता मधल्या वाटेत उभे राहिले. "सगळ्यांनी इकडे बघा. ही काच बघा. त्या दिवशी त्यांची बस आपल्या शेजारी होती. बेत कुणी फोडला नाही. मीच तो खिडकीत लावून ठेवला होता."

मांजराने मांडीवरची पिशवी खाली ठेवली.

मास्तर मागे चालत गेले. त्या रिकाम्या रांगेपाशी त्यांचा पाय अडखळला. "खांब, माझं चुकलं. चारचौघांत बोललो होतो, म्हणून चारचौघांत माफी मागतो."

खांब खिडकीबाहेर बघत म्हणाला, "मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, मास्तर."

"विचारलं होतं की रे."

"नाही. तुम्ही मला सांगितलं होतं."

मास्तरांनी मान खाली घातली. मग हळूच म्हणाले, "आज खेळशील?"

"खेळेन. त्यासाठीच तर आलोय."

मांजराला उत्साह आला. "मास्तर, आता मुद्दाम खोटा बेत काढून ठेवू! बघू देत त्यांना!"

"नको," खांब म्हणाला. "फसवाफसवी पुरे झाली."

काकांनी साबणाच्या पाण्याने ती काच घासून काढली.

सामना मला दिसला नाही, बसला कधीच दिसत नाही. मैदानाबाहेर उभी राहून मी नुसती आरोळी ऐकते आणि ओळखते. त्या दिवशी आमच्या लोकांची आरोळी एकदाच आली, पण अशी आली की माझ्या काचा थरथरल्या. गोल खांबाने केला होता. आम्ही एक-शून्य जिंकलो, तरी दोन्ही मिळून एका गोलाने मागे पडलो आणि स्पर्धेतून बाहेर गेलो.

नंतर ताई माझ्या दाराशी आली. ओरडून ओरडून तिचा घसा बसला होता. भावाला बघताच ती त्याच्या दंडाला धरून हसली, रडली आणि पुन्हा हसली. मास्तर तिला "ये, बस" म्हणायला उठले, पण ती त्यांच्याकडे बघून अवघडली. तिला सगळं कळलेलं होतं.

तो हंगाम संपला आणि खांब दुसऱ्या क्लबात गेला. राग नाही म्हणाला, आणि तो खोटं बोलणारा नव्हता. पण आमचा निळा शर्ट त्याने परत कधी घातला नाही.

मीही थकले. इंजिन बंद पडलं, नवी गाडी आली, माझ्या सीटा उसवल्या. काही वर्षं माझ्याकडे कुणी फिरकलंच नाही, नुसतं गवत वाढलं. मग क्लबाने मला मैदानाच्या कडेला आणून ठेवलं. आता लहान मुली माझ्यात कपडे बदलून खेळायला जातात.

परवा त्यांच्यातल्या एकीचे बूट सापडेनात. काही क्षणांत सगळ्या नजरा एका नव्या मुलीवर गेल्या. कुणी बोललं नाही, पण नजरा पुरे होत्या. ती मुलगी रडवेली झाली. तेव्हा म्हातारे मास्तर माझ्या दांडीला धरून कसेबसे वर चढले. गुडघे दुखत असूनही खाली बसले आणि एकेका सीटखाली हात घालून शोधू लागले. मुलींना वाटलं, ते नव्या मुलीला काही विचारतील. ते तिला एवढंच म्हणाले, "बाळ, जरा मदत कर. मला वाकवत नाही." मग ती खाली बसली, तिच्या शेजारी दुसरी बसली, आणि बघता बघता सगळ्याच माझ्या फरशीवर पालथ्या पडून बूट शोधू लागल्या.

मित्रांनो, मला नवा रंग नको, चाकंही नकोत. तुमच्यातलं कुणी शेवटच्या सीटवर एकटं बसलेलं दिसलं, तर त्याच्या पुढची रांग रिकामी ठेवू नका. जाऊन बसा. मग जे विचारायचं ते त्यालाच विचारा, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत थांबा.