ग्वाक सर आणि बेटाचा ठिपका

मित्रांनो, फळा पुसणाऱ्याचे मत कोणी विचारत नाही, म्हणून न विचारताच सांगतो. मी सोलमधल्या एका विद्यापीठाचा जुना डस्टर. पाठ लाकडाची, पोट मऊ लोकरीचे. राज्यशास्त्र विभागात आलो तेव्हा वाटले, मोठ्या विद्वानांची सेवा घडेल. घडली कसली! नाव मोठे, लक्षण खोटे.

आमचे ग्वाक सर संख्याशास्त्राने राजकारण शिकवीत. फळ्यावर एकेका तालुक्याचा एकेक ठिपका आणि त्यांतून वर चढणारी रेघ, एवढ्यावर त्यांनी जन्म काढला. जिथे कारखाने जास्त तिथे मतदान जास्त, हा त्यांचा सिद्धांत. रेघेपासून दूर बसला तो ठिपका अपवाद, आणि अपवाद पुसायचा. पुसायचे काम मात्र विद्यार्थ्यांचे. सरांनी मला कधी बोटही लावले नाही. काळा कोट खराब झाला असता ना!

बान ह्येरिन ही त्यांची पीएचडीची विद्यार्थिनी, एका बेटावरची. तिच्या बेटाचा ठिपका रेघेच्या फार वर बसे. कारखाना एकही नाही आणि मतदान सगळ्यांत जास्त. सर म्हणाले, "तेवढं पुसून टाक, म्हणजे तुझा प्रबंध मंजूर."

तिने मला उचलले, पण हात पुढे जाईना.

"सर, मतदानाच्या दिवशी आमच्या बायका शिंपले काढायला समुद्रात उतरत नाहीत. आधी मत, मग पोट. त्यात माझी आईपण आली. तिला कशी पुसू?"

"मग बस तशीच."

बसली बिचारी. तिच्या मागून आलेले होयबा पुढे गेले. शेवटी तिने दुसऱ्या विद्यापीठात, तो ठिपका ठेवूनच पदवी मिळवली. मी इकडे सरांचा सिद्धांत रोज खात राहिलो. अजून पचलेला नाही.

मग सरांच्या निवृत्तीचे व्याख्यान झाले. फुलांचे गुच्छ आले, स्तुतीची भाषणे झाली, जुने शिष्य कमरेत वाकून उभे राहिले. सरांनी पुन्हा तेच ठिपके आणि तीच रेघ काढली. बेट अर्थातच नव्हते. तेव्हा मागच्या रांगेतून ह्येरिन उठली. आता तीही प्राध्यापक झाली होती. तिने रेघेच्या वर आपल्या बेटाचा ठिपका काढला, वाकून नमस्कार केला आणि मला दोन्ही हातांनी सरांपुढे धरले.

"या वेळी तुम्हीच पुसा, सर."

सरांनी मला घेतले आणि जोराने घासू लागले. लाकडाच्या बाजूने! फळा करकरला. ठिपका पुसला जाण्याऐवजी फिस्कटून मोठा झाला. एवढे शिष्य, सगळे डॉक्टर, पण डस्टर उलटा धरलाय हे एकालाही सांगवेना. मी मात्र फार सुखावलो.

मित्रांनो, मला अधूनमधून झटकत जा. तुमच्या चुका मी आनंदाने पुसीन. पण कोणाचे बेट पुसायचे असेल, तर आधी तिथे एकदा जाऊन या. ग्वाक सर कधीच गेले नव्हते.