चूक आधी सांगायची

विम्याच्या कचेरीत बसून बसून मला माणसांचा कंटाळा आलाय. अर्ज भरताना जो तो धुतल्या तांदळासारखा! मास्तर समोर येऊन बसले तेव्हाही माझं तोंड वाकडंच होतं.

मास्तरांचं वय शहात्तर. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली. मलाही, तीनदा नापास करून. मी क्लच झटकन सोडायचे म्हणून ते मला 'घाई' म्हणायचे, अजूनही म्हणतात. त्यांची एकच रीत होती: धडा संपला की गाडी बंद करायची आणि आपली चूक आपणच आधी सांगायची. "काही नाही चुकलं" म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच धडा.

याच मास्तरांनी सहा महिन्यांपूर्वी शाळेसमोर लाल सिग्नल तोडला. कुणाला लागलं नाही, पण लायसन्स तीन महिने जप्त झालं आणि आता जुन्या कंपनीने विमा नाकारला. त्यांच्या बायकोचं, काकूंचं, डायलिसिस आठवड्यातून तीनदा, तेही शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. विम्याशिवाय गाडी बाहेर काढता येत नव्हती.

"मास्तर, काकूंच्या नावावर घेऊ," मी म्हटलं. "सापही मरेल, काठीही मोडणार नाही."

"गाडी मी चालवणार आणि नाव तिचं? लिही, घाई. गंभीर गुन्हा: होय. कारणही लिही, लक्ष नव्हतं."

"कारणाला रकानाच नाहीये."

"मग समासात लिही."

लिहिलं. साहेब म्हणाले, आपला परीक्षक शेजारी बसून पास करेल तरच विमा.

परीक्षेला मी मागे बसले. शाळेचा तोच चौक आला. दिवा हिरवा झाला, पण काठी टेकत एक बाई अजून रस्त्यातच होत्या. मागून हॉर्नचा नुसता गोंगाट. मास्तर ढिम्म हलले नाहीत. बाई फुटपाथवर चढल्या, मगच गाडी निघाली. काय तो माणूस! ऊर भरून आला माझा.

कचेरीपाशी परीक्षकाने हात पुढे केला. "पास. अभिनंदन."

मास्तरांनी गाडी बंद केली. पुढे काय येणार ते मला कळलं. त्यांच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला.

"वळणावरचा सायकलवाला मला उशिरा दिसला," ते म्हणाले.

"वाचला की तो!" मी मागून म्हटलं.

"त्याने ब्रेक लावला म्हणून. मी नव्हता लावला."

त्यांनी किल्ली काढून परीक्षकासमोर ठेवली. मला रडू आलं आणि रागही. असला खरेपणा काय चाटायचाय? तिकडे काकूंचं काय? आणि तरी, एवढा मोठा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

मी परीक्षकाच्या हातातला अर्ज ओढला, 'चालक' या रकान्यातलं त्यांचं नाव खोडलं आणि माझं लिहिलं.

"कचेरी दहाला उघडते. आठला दारात येईन. आणायला जेवणाच्या सुट्टीत."

मास्तरांनी चष्मा लावून तो रकाना वाचला. "क्लच सावकाश सोड," एवढंच म्हणाले.

सोमवारी काकू मागे, मास्तर माझ्या शेजारी. वाटभर त्यांचा पाय नसलेला ब्रेक दाबत होता. हॉस्पिटलच्या दारात मी गाडी थांबवली. कुणीच उतरेना. मग माझ्या लक्षात आलं. मी गाडी बंद केली.

"दुसऱ्या चौकात आरसा बघितला नाही."

"दिसलं मला," मास्तर म्हणाले, आणि काकूंचं दार उघडायला उतरले.